एक गाठ राहिली

माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं, आणि शब्द साधे आहेत म्हणून राग मानू नये. गोष्ट माझी नाही. गहिनीनाथ तात्यांनी सांगितली तशी उतरवली आहे.

तात्या आमच्या दुष्काळी कामावर रात्रीची राखण करतात. घमेली, घण, पहारी कोणी नेऊ नयेत म्हणून खडीच्या ढिगाशेजारी बाज टाकून झोपतात. ज्यांची घरं लांब आहेत ती आम्ही पोरंही तिथंच पथारी टाकतो. त्या रात्री गोरक्षनं माझी चेष्टा काढली. माझी बहीण बाळंतपणाला घरी आली आहे, तर हा मामा आता खडी सोडून पाळणा हलवणार, असं तो म्हणाला. सगळे हसले. तात्या हसले नाहीत. बाळंतपण घरी करणार की रंगूआक्काच्या बाळंतघरात नेणार, एवढंच त्यांनी विचारलं. अजून ठरलं नाही, असं मी सांगितलं. तात्यांनी चंची सोडली, तंबाखू मळली, आणि किती तरी वेळ ती नुसती तळहातावर धरून बसले.

"बाळंतघरातच न्या," ते म्हणाले. "पर न्यायच्या आदी बन्सीचं काय झालं ते आईक. बन्सी माझ्या साडूचा पोरगा. डोळ्यांम्होरला माणूस हाय, ऐकीव न्हाई."

यंदाच्या जानेवारीतला पहिला बुधवार. मार्गशीर्षातली चौदस, दुसऱ्या दिवशी अमावास्या.

बन्सीनं दिवस मावळायच्या आत गाडी जुंपली. काम साधं होतं. बायकोला, चांगुणाला, दुपारपासून बारीक कळा येत होत्या. तिला बाळंतघरात पोचवायचं. गाडीत कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, वर वाकळ अंथरली. जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या चिंध्यांचं गाठोडं, गोडेतेलाची बाटली, गुळाचा खडा. एवढंच बरोबर घेतलं.

यापूर्वी चांगुणा दोनदा घरीच बाळंत झाली होती. दोन्ही वेळा मूल रडलंच नाही. दुसऱ्या खेपेला तर तीच जाते की काय, असं झालं होतं. तेव्हाच बन्सीनं मनाशी धरलं होतं की पुन्हा वेळ आली तर घरात नाही. त्याच्या आईला, छबूबाईला, ते पटलं नव्हतं. आपण बांधावर बाळंत झालो आणि आठवड्यात खुरपं धरलं, हे तिनं दारात उभं राहून साऱ्या आळीला ऐकवलं. गाडी हलली तेव्हा मात्र ती मागून पळत आली आणि चांगुणाच्या कपाळाला अंगारा लावून गेली.

मिरजगावच्या अलीकडं, सोलापूर रस्त्यापासून आत फुटणाऱ्या गाडीवाटेवर दोन दगडी खोल्या आहेत. पुढं ओटा, ओट्यापुढं लिंब. तेच बाळंतघर. तिथं डॉक्टर नाही. डॉक्टर म्हणजे नगर, आणि नगर म्हणजे सकाळची पहिली एसटी. तिथं आहे ती रंगूआक्का. सुईणीचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली, पांढऱ्या पातळातली, हळू बोलणारी बाई. तिच्या हाताखाली बनुबाई. झाडलोट, पाणी तापवणं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं ही बनुबाईची कामं.

आक्काची रीत अशी की घाई करायची नाही. बाईला खाटेवर आडवी पाडून ठेवायची नाही. तिला चालवायची, आढ्याला टांगलेला दोर धरून उकिडवी बसवायची, कोमट तेलानं कंबर चोळायची. मध्येच लाकडी नळकांडं पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचे. बाळ आपल्या चालीनं येतं, त्याला ओढायचं नसतं, वाट द्यायची असते, असं ती प्रत्येकीला सांगायची. त्या ओट्यावरून कितीतरी जणी चालल्या आणि कुशीत मूल घेऊन गाडीत बसल्या.

चांगुणाही चालली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आक्काच्या खांद्यावर हात ठेवून. बन्सी पायरीवर बसला होता. मग आक्का तिला आत घेऊन गेली आणि दार लोटलं. बनुबाईनं पाणी नेता नेता त्याला टोमणा मारला, की असा काय बसलायस, कळा तुला येत्यात का तिला? बन्सी हसला. कितीतरी महिन्यांनी हसला असेल.

मग कळा थांबल्या.

आधी त्याला ते कळलंच नाही. आत शांत झालं म्हणून त्याला बरंच वाटलं. पण शांतता लांबत गेली. चूल फुरफुरत होती ती ऐकू यायला लागली. शेवटी आक्का बाहेर आली. हात पदराला पुसत होती. तिनं सांगितलं ते असं, की बाळ जागेवर आहे, ठोके चांगले आहेत, वाट मोकळी आहे. सगळं जसं पाहिजे तसं आहे. आणि तरी बाई आडली आहे. उजाडेपर्यंत वाट बघू, नाहीतर नगरला न्यावं लागेल. नगरपर्यंत ती...

बनुबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "आक्का, गाठी सोडू का?"

आमच्याकडची ही जुनी रीत. बाई आडली की घरात काही बांधलेलं ठेवायचं नाही. जिथं जिथं गाठ आहे ती सोडायची, झाकण आहे ते काढायचं, कुलूप आहे ते उघडायचं. गाठ सुटली की बाई सुटते. बाळंत झालेल्या बाईला आपण मोकळी झाली म्हणतो ते काय उगीच नाही.

आक्का म्हणाली, सोडा, त्यानं बिघडत काही नाही, तिच्या जिवाला धीर येईल.

बनुबाईनं आतलं सगळं सोडलं. चांगुणाची वेणी, चोळीची गाठ, चिंध्यांचं गाठोडं, आढ्याचा दोर. मडक्यांवरची झाकणं काढली, पत्र्याच्या पेटीचं कुलूप उघडलं. बाहेरचं बन्सीकडं आलं. त्यानं गाडीच्या जुपण्या सोडल्या. पेंढ्या बांधलेले आळे सोडले. रहाटाचा दोर सोडला. बैलांची दावी सोडताना हात अडखळला, कारण बैल रात्री वाट धरतील ही भीती. पण सोडली. फेटा सोडून खांद्यावर टाकला. धोतराचा सोगा झटकला.

"करदोटा?" बनुबाईनं विचारलं.

"मावशी, त्यो बी?"

"त्यो बी. लाजतोस काय? तितं अंधारात जा, कुणी बघत न्हाई."

त्यानं लिंबाच्या आड जाऊन कमरेचा करदोटा सोडला आणि मुठीत धरून परत आला. दोघं पायरीवर बसून राहिले. आतून आक्काचा आवाज येत होता. हळू, सारखा, एका लयीत. चांगुणाचा आवाज येत नव्हता.

बऱ्याच वेळानं बनुबाई आत जाऊन आली. तिच्या तोंडावरची बडबड गेली होती. चांगुणाचे डोळे मिटत होते. हाक मारली तर ओ देत नव्हती.

"एक गाठ राहिली," बनुबाई म्हणाली. "कुटंतरी राहिली, बन्सी. ऊठ. हुडक."

बन्सीनं कंदील घेतला. दोन मुलं त्यानं आपल्या हातानं पुरली होती. आता तिसरं, आणि त्याच्या मागं चांगुणा. त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यानं गाडीखाली बघितलं. ओट्यामागं बघितलं. काट्याचं कुंपण वेलीनं बांधलेलं होतं, ती वेल दातानं तोडली. चपलेचा अंगठा तुटला म्हणून दोरी बांधली होती, तीही सोडली. अनवाणी झाला. आणखी काही दिसेना. मागं वळला.

बैल उभे राहिले होते.

सोडले तरी ते कुठं गेले नव्हते. दोघं लिंबापाशी उभे. दोघांचं तोंड वाटेकडं. कान ताठ.

थप्प.

वाटेवर काहीतरी पडल्यासारखा आवाज. पोतं टाकावं तसा. मग काही नाही. बन्सी उभा राहिला.

थप्प.

जरा जवळ. पुन्हा काही नाही. चंद्र नव्हताच. वारा नव्हता. पाऊस झालेला नाही, त्यामुळं वाटेवर घोट्याइतका फुफाटा. माणूस चालला तर एकामागून एक पाऊल वाजतं. हे तसं नव्हतं. एकच आवाज. मग थांबणं. मग पुन्हा एकच.

थप्प.

कंदिलाच्या उजेडाच्या कडेला एक बाई उभी होती.

हिरवं लुगडं. डोक्यावरून पदर, खालपर्यंत ओढलेला. पोट चांगलं पुढं आलेलं, दिवस भरलेले. बन्सीला हायसंच वाटलं. त्याला वाटलं, दुष्काळी कामावरची कोणी असेल, कळा लागल्या म्हणून चालत आली असेल. त्यानं विचारलं, कुठल्या गावच्या.

"खर्ड्याकडच्या."

आवाज दमलेला. बन्सीनं विचारलं, एकट्याच कशा? माणसं कुठं आहेत?

"म्होरं गेली. टोळी कुणासाठी थांबत न्हाई, दादा."

ऊसतोडीची टोळी, बन्सीनं मनात म्हटलं. त्यानं सांगितलं की आत या, आक्का आहे, चूल पेटलेली आहे.

बाई हलली नाही.

"येता येत न्हाई. पायात गाठ बसलीया. मला वाकवत न्हाई."

त्यात नवल काय? भरल्या दिवसांच्या बाईला स्वतःचे पाय दिसत नाहीत, हात तर लांबच. वाटेत कसली दोरी अडकली असेल. बन्सी खाली बसला. कंदील फुफाट्यात ठेवला.

दोन्ही पावलं एकाला एक लागलेली. टाचेला टाच. अंगठ्याला अंगठा. आणि अंगठ्यांभोवती पांढरा दोरा. दोन वेढे. वर गाठ.

रात्रभर गाठीच सोडत होता तो. बोटं आपोआप पुढं गेली. गाठ बारीक होती, आवळलेली. नखात येईना. अंगठे गार लागले. रांजणाच्या बुडाची माती असते तशी गार.

नख शिरलं. दोरा जरा हलला.

आणि तेव्हा त्याला आठवलं.

वडील गेले तेव्हा. ओसरीत ठेवलं होतं त्यांना. चुलत्यानं पायाशी बसून पांढऱ्या दोऱ्यानं अंगठे बांधले होते. दोन वेढे. वर गाठ.

जित्या माणसाचे अंगठे कोणी बांधत नाही.

बन्सीची मान खाली होती. ती खालीच राहिली. वर बघायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं. कंदिलाच्या उजेडात वाट दिसत होती. फुफाट्यात पावलं उमटलेली होती. जोडीनं. सगळी जोडीनं...

तो पळाला असता. तात्या म्हणाले, मीही पळालो असतो. कोणीही. पण तेवढ्यात आतून आवाज आला. चांगुणाचा. ओरडणं नव्हतं ते. गाडीत ती ज्या आवाजात त्याला पाणी मागत होती, त्या आवाजात तिनं म्हटलं, "आवं..."

एवढंच.

एक गाठ राहिली. कुठंतरी राहिली.

ती ही होती.

बन्सीनं डोळे मिटले. दोन्ही हातांची नखं गाठीत घातली. गाठ सैल झाली... पुन्हा बसली. वरून काही बोलणं नाही. श्वास नाही. नुसतं थांबणं. त्यानं दोऱ्याचं टोक शोधलं. ओढलं.

दोरा सुटला.

डोक्यावर कोणीतरी श्वास सोडला. लांब. वर्षभर धरून ठेवल्यासारखा.

"मोकळी झाले."

आणि त्याच क्षणी आत मूल रडलं.

बन्सीनं डोळे उघडले. कंदील होता. फुफाटा होता. समोर कोणी नव्हतं. बैल खाली बसले होते आणि रवंथ करत होते.

तो ओट्यापर्यंत कसा आला ते त्याला सांगता येत नाही. आक्का दारात उभी होती, हसत होती. पोरगी झाली, चांगुणा बरी आहे, कळ आली ती एकदम आली आणि एकाच कळेत बाळ बाहेर आलं, असं तिनं सांगितलं. कापाकापी नाही, टाका नाही. बनुबाई पाणी घेऊन बाहेर आली आणि त्याच्या हाताकडं बघून थांबली. हातात काही नव्हतं, करदोटाही पायरीवरच राहिला होता. पण हात तो तसेच पुढं धरून उभा होता, काहीतरी सोडताना धरावेत तसे. कोण होतं वाटेवर, एवढंच तिनं विचारलं. त्यानं हिरवं लुगडं सांगितलं. खर्डा सांगितलं. पुढचं सांगता येईना, म्हणून वाकून स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांना हात लावून दाखवला.

बनुबाई पायरीवर बसली. पाणी सांडलं ते तिच्या ध्यानात आलं नाही.

मग तिनं सांगितलं. वर्ष झालं त्या गोष्टीला, मागच्या सालच्या दिवाळीनंतरची. ऊसतोडीला निघालेल्या टोळीतली एक गाडी त्या वाटेनं आली होती. गाडीत भीमा नावाची बाई, आडलेली. आणायला उशीर झाला होता. आक्का हात लावायला खाली उतरेपर्यंत गाडीतच गेली. पोटातलं पोटातच राहिलं. बनुबाईनंच तिला हळदीकुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं आणि रीतीप्रमाणं अंगठे बांधले.

"ते सरणावर सोडायचे असत्यात," बनुबाई म्हणाली. "बाया काय वढ्यापत्तुर जात न्हाईत. बाप्ये घिऊन गेले. मुकादम घाई करत हुता, टोळी निघायची हुती. कुणाच्या ध्यानात राह्यलं आसंल?"

आक्का आत पोरीकडं गेली.

उजाडल्यावर आक्कानं पोरीला तेल लावायला घेतलं. कपाळ, छाती, पोट, मांड्या. पायांपाशी आल्यावर तिचे हात थांबले. तिनं बन्सीला जवळ बोलावलं. पोरगी धडधाकट होती, पाय झाडत होती. पण दोन्ही पायांच्या अंगठ्यांभोवती बारीक वळ होते. दोन वेढे. दोरा आवळून बांधावा आणि नुकताच सोडावा तसे. नाळ पायात अडकली होती का, असं बन्सीनं विचारलं.

"न्हाई," आक्का म्हणाली. "नाळ कुटंच आडकली न्हवती. मी बघितलं."

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

"पोरगी आता पालथी पडती," ते म्हणाले. "लई हसरी हाय. आज्जीनं तिच्या पायात घालायला वाळे आणले हुते, ते बन्सीनं घालू दिले न्हाईत. तिच्या अंगाला तो काही बांधू देत न्हाई, काळा दोरा बी न्हाई. परवा मी गेल्तो. मांडीवर घेतली. तेलाच्या हातानं अंगठ्यांवरचे वळ चोळून बघितले."

गोरक्षनं विचारलं, "मग?"

"हायेत," तात्या म्हणाले, आणि कुशीवर वळले.

मला झोप लागली नाही. अंधारातच निघून उजाडताना घरी पोचलो. बहीण ओसरीत बसली होती, आई तिची वेणी घालत होती. मी शेळीचं दावं सोडलं. रेशनच्या मिलो ज्वारीच्या पोत्याचं तोंड सोडलं. आईनं विचारलं, शेळी का सोडली. मी म्हणालो, चरू दे. आई म्हणाली, "हितं काय चरतीया? दगडं?" बहीण हसली. मला तिच्याशी बोलायचं होतं, पण अशा गोष्टी मला बोलता येत नाहीत. तिला तिसऱ्या प्रहरी बाळंतघरात घेऊन जायचं आहे, एवढं आईला सांगितलं. मग आत जाऊन दार लोटलं, करदोटा सोडला आणि दिव्याच्या कोनाड्यात ठेवला. ती मोकळी झाली की पुन्हा बांधीन.